ताणात हृदयाचं वेळापत्रक बदलतं, आणि कफशिवायचं बीपी तिथेच चुकतं

दंडाला फुगणारा पट्टा, म्हणजे कफ, न बांधता रक्तदाब सांगणाऱ्या उपकरणांपैकी एक मोठा गट एकाच मोजमापावर उभा आहे. ईसीजीत, म्हणजे हृदयाच्या विजेच्या आलेखात, ठोक्याचं सर्वांत उंच टोक (आर-शिखर) दिसल्यापासून बोटाच्या टोकाशी नाडीची लाट पोचेपर्यंत किती वेळ गेला, हे ते मोजमाप. त्याचं नाव पल्स अरायव्हल टाइम, बोलताना सगळे पॅटच म्हणतात. कल्पना सोपी आहे. दाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाऊन कडक होते, कडक नळीतून लाट वेगाने धावते आणि वेळ कमी होतो. वेळ मोजायची, दाब काढायचा.

यामागचं भौतिकशास्त्र जुनं आणि भक्कम आहे. लाटेचा वेग भिंतीच्या कडकपणावर, जाडीवर, नळीच्या व्यासावर आणि रक्ताच्या घनतेवर कसा अवलंबून असतो, हे मोएन्स आणि कोर्टेवेग यांनी 1878 मध्ये मांडलं. 1922 मध्ये ब्रॅमवेल आणि हिल यांनी तेच नातं दाब आणि आकारमानातल्या बदलांशी जोडलं. इथपर्यंत वाद नाही. गडबड होते ती मोजताना, कारण पॅटमध्ये फक्त लाटेचा प्रवास नसतो.

आर-शिखर म्हणजे विजेचा इशारा. तो मिळाल्यावर स्नायू आकुंचन पावायला थोडा वेळ लागतो. मग डाव्या जवनिकेतला दाब चढू लागतो, पण महाधमनीची झडप अजून बंदच असते. जवनिकेतला दाब महाधमनीतल्या डायस्टोलिक (बीपीतल्या खालच्या) दाबाच्या वर गेला की झडप उघडते आणि लाट निघते. झडप उघडेपर्यंतच्या या काळाला प्री-इजेक्शन पिरियड, म्हणजे पीईपी म्हणतात. झडपेपासून बोटापर्यंतचा खरा प्रवास म्हणजे पल्स ट्रान्झिट टाइम, पीटीटी. पॅट ही या दोघांची बेरीज. एसटी स्टँडवर किती वेळ उभी होती हे न विचारता फक्त ती पोचल्याच्या वेळेवरून तिचा वेग काढावा, तसा हा हिशेब होतो.

पीईपी किरकोळ असता तर प्रश्न नव्हता. वाइसलर यांच्या 1968 च्या क्लासिक समीकरणात पुरुषांसाठी पीईपी म्हणजे 131 उणे 0.4 गुणिले हृदयगती. गती 70 धरली तर 103 मिलिसेकंद. हे आर-शिखराच्या जरा आधीची क्यू-लहर सुरू झाल्यापासूनचं मोजमाप आहे. आर-शिखरापासून मोजलं तर साधारण 40 मिलिसेकंद वजा होतात आणि 60 च्या आसपास उरतात. दोन अभ्यासांमधले आकडे जुळत नाहीत तेव्हा आधी एवढंच तपासा, की एकाने क्यूपासून मोजलंय आणि दुसऱ्याने आरपासून तर नाही ना. बोटापर्यंतचं एकूण पॅट 200 ते 250 मिलिसेकंदांच्या घरात असतं. म्हणजे आरपासून मोजलं तरी पाव हिस्सा झडप उघडण्याआधीच संपलेला असतो. आणि दाबाचा अंदाज काढताना आपण ज्या बदलावर भिस्त ठेवतो, तो असतो ढोबळमानाने एका मिलिसेकंदाला एक मिमी पारा. पीईपी 15 मिलिसेकंदांनी सरकली की अंदाज त्याच प्रमाणात ढळतो.

ताणाखाली ती सरकतेच. पण सगळे ताण तिला एकाच दिशेने सरकवत नाहीत, आणि या विषयातली खरी अडचण ती आहे.

तोंडी गणित, मुलाखत, परीक्षेआधीची धाकधूक अशा मानसिक ताणात सहसा हृदयावरचे बीटा रिसेप्टर, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा इशारा झेलणारे ग्राहक, पुढे असतात. आकुंचनाचा जोर वाढतो, जवनिकेतला दाब चटकन चढतो, झडप लवकर उघडते. पीईपी 10 ते 20 मिलिसेकंदांनी कमी होणं यात नवल नाही. मानसशास्त्रीय प्रयोगांमध्ये पीईपीला सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या, चेतासंस्थेचा मापक म्हणून दशकानुदशकं वापरतात ते यामुळेच.

बर्फाच्या पाण्यात हात घातला की गोष्ट वेगळी. इथे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले अल्फा रिसेप्टर वरचढ ठरतात आणि वाहिन्या आवळल्या जातात. डायस्टोलिक दाब वाढल्यामुळे झडप उघडायला जवनिकेला जास्त उंच चढावं लागतं. परिणामी पीईपी जागच्या जागी राहते किंवा उलट लांबते. उभं राहिल्यावर शिरांमधून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, त्यानेही पीईपी लांबते. मूठ आवळून धरण्याचा प्रयोग या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पडतो, माणसागणिक वेगळा.

समजावण्यापुरते आकडे घेऊ. हे कुणाच्या नोंदी नाहीत, पण प्रमाण वास्तवाला धरून आहे. विश्रांतीत दाब 118/76, आरपासूनची पीईपी 62, पीटीटी 158, पॅट 220. याच माणसाला जिने चढायला लावून कॅलिब्रेशन केलं, म्हणजे उपकरणाची वेळ खऱ्या दाबाशी जुळवून घेतली, आणि एक मिलिसेकंदाला एक मिमी असं प्रमाण मिळालं. आता तो तोंडी गणित करतोय. पीईपी 46, पीटीटी 152, पॅट 198. उपकरण म्हणेल सिस्टोलिक (वरचा दाब) 140, खरा दाब आहे 126. थोड्या वेळाने पाय बर्फाच्या पाण्यात. पीईपी 65, पीटीटी 145, पॅट 210. उपकरण म्हणेल 128, खरा दाब 138. पहिल्यात 14 जास्त, दुसऱ्यात 10 कमी. एकाच माणसात, एकाच तासात, चूक दोन्ही बाजूंना. कॅलिब्रेशन कितीही काळजीपूर्वक केलं तरी एका सरळ रेषेतून या दोन अवस्था नीट जात नाहीत.

हे औषधांनी फार स्वच्छ दाखवून झालंय. 2006 मध्ये एडिनबर्गच्या संशोधकांनी 12 निरोगी तरुणांना ग्लिसरिल ट्रायनायट्रेट, अँजिओटेन्सिन, नॉरएपिनेफ्रिन आणि सालब्युटामॉल अशी हृदयावर आणि वाहिन्यांवर वेगवेगळा परिणाम करणारी औषधं देऊन ईसीजीपासूनची वेळ आणि खरी ट्रान्झिट टाइम अशा दोन्ही मोजल्या. ईसीजीपासूनच्या वेळेत पीईपीचा वाटा 12 ते 35 टक्के निघाला, आणि तोही बदलता. औषध बदललं की वाटा बदलतो. शरीर स्वतःच अशा परिणामांची द्रव्यं कमीअधिक मिश्रणात सोडतं, त्यालाच आपण ताण म्हणतो.

मग पॅटवर आधारित इतके शोधनिबंध चांगले निकाल कसे दाखवतात? कारण बहुतेक वेळा दाब वाढवण्यासाठी सायकल किंवा ट्रेडमिल वापरलेली असते. व्यायामात सिस्टोलिक दाब चढतो आणि पीईपी आखडते, दोन्ही एकाच वेळी. त्यामुळे पॅटचा सिस्टोलिकशी संबंध छान दिसतो, कधी कधी शुद्ध पीटीटीपेक्षाही छान. हा संबंध धमनीतून आलेला नसून हृदयाच्या जोरातून आलेला आहे. व्यायामाच्या बाहेर तो टिकत नाही. लाटेच्या पायथ्याशी मोजलेली पीटीटी मुळात डायस्टोलिक दाबाशी जास्त जवळची असते, कारण लाटेचा पायथा येतो तेव्हा धमनीत डायस्टोलिक दाबच असतो. नुसत्या व्यायामावर तपासलेल्या उपकरणाला आम्ही ताणाच्या कामासाठी विश्वासार्ह मानणार नाही.

हृदयगती वापरून पीईपी दुरुस्त करता येईल, हा मोह अनेकांना होतो. वाइसलरच्या उतारानुसार गती 20 ने वाढली तर पीईपी 8 मिलिसेकंदांनी कमी व्हायला हवी. पण हा उतार विश्रांतीतल्या वेगवेगळ्या माणसांचा आहे. ताणात गती वाढते ती काही अंशी व्हेगस मज्जातंतूचा लगाम सैल झाल्यामुळे, आणि पीईपी मुख्यतः आकुंचनाच्या जोरावर चालते. गती थोडीच वाढून पीईपी बरीच आखडलेली माणसं दिसतात, गती बरीच वाढून पीईपी जागेवर राहिलेलीही दिसतात. शिवाय ताण संपल्यावर गती लगेच उतरते, पीईपी आणि वाहिन्यांचा आवळ रेंगाळतो. त्या रेंगाळलेल्या मिनिटांत गतीवर आधारित दुरुस्ती नेमकी उलटी पडू शकते.

तेव्हा पीईपी मोजायलाच हवी. प्रयोगशाळेतला रूढ मार्ग इम्पिडन्स कार्डिओग्राफीचा. छातीतून काही मिलिअँपिअरचा, 20 ते 100 किलोहर्ट्झचा प्रवाह सोडायचा, दोन इलेक्ट्रोड प्रवाहासाठी आणि दोन व्होल्टेजसाठी. इम्पिडन्सच्या, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याच्या, बदलाच्या वेगाचा आलेख काढला की मोठ्या शिखराआधी एक बारीक खाच दिसते, तो बी-बिंदू, म्हणजे महाधमनीची झडप उघडल्याची खूण. या क्षेत्रात आपल्याकडे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात इम्पिडन्स कार्डिओव्हॅसोग्राफ विकसित झाला, हे इथे सांगायलाच हवं. अडचण एवढीच की अनेकांच्या आलेखात बी-बिंदू ठळक नसतो, आणि ताणात लाटेचा आकार बदलला की स्वयंचलित पद्धत शेजारच्या वळणावर उडी मारते. ती उडी 10 मिलिसेकंदांहून मोठी असू शकते, म्हणजे जो परिणाम शोधायचा तेवढीच. म्हणून 30 ते 60 सेकंदांतले ठोके आर-शिखराला जुळवून सरासरी काढा, आणि बी-बिंदू प्रत्येक टप्प्यासाठी डोळ्यांनी तपासा. तपासणाऱ्याला तो टप्पा विश्रांतीचा की ताणाचा हे माहीत नसेल तर उत्तम.

स्वस्तातला मार्ग सिस्मोकार्डिओग्राफीचा, म्हणजे ठोक्याने छातीला बसणारी कंपनं मोजण्याचा. उरोस्थीच्या खालच्या टोकाशी कमी गोंगाटाचा अ‍ॅक्सेलरोमीटर, उदाहरणार्थ एडीएक्सएल355, दुहेरी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि छातीला लंब असलेल्या अक्षावरची कंपनं घ्यायची. कंपनं असतात काही मिलि-जी एवढीच, त्यामुळे वायर लोंबकळली तरी नोंद बिघडते. झडप उघडल्याचं शिखर सहसा मोठं असतं, पण त्याच्या शेजारी दुसरं असू शकतं आणि बसल्या-झोपल्याने त्यांची उंची बदलते. सुरुवातीला कोणतं शिखर धरायचं ते ठरवा आणि शेवटपर्यंत तेच धरा. हृदयाचा पहिला आवाज वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो प्रामुख्याने मायट्रल झडप (डावी कर्णिका आणि जवनिका यांच्यामधली) बंद होण्याशी जोडलेला आहे, महाधमनीची झडप उघडण्याशी नाही. मधला काळ, जो दाबानुसार बदलतो, तो त्यात सुटतो.

ईसीजी पूर्णपणे टाळून मनगट आणि बोट अशा दोन जागी प्रकाशाने नाडी मोजण्याची कल्पना दिसायला देखणी आहे. पण अंतर 15 ते 20 सेंटिमीटर, वेळ 20 मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे एका मिलिसेकंदाची चूक पाच टक्क्यांची. त्यात हा सगळा भाग स्नायूमय धमन्यांचा. ताणात त्या स्वतःहून आवळतात आणि दाब न बदलताही लाटेचा वेग बदलतात. कान आणि बोट यांचा फरक घेतला तर पीईपी वजा होते हे खरं, पण मग दोन वेगळ्या वाटांचा फरक हातात राहतो, एका वाटेची वेळ नाही.

आता वेळेच्या अचूकतेबद्दल, कारण चांगले प्रकल्प इथे फसतात. मनगटी घड्याळ 25 हर्ट्झने प्रकाशसंकेत घेत असेल तर दोन नमुन्यांत 40 मिलिसेकंद जातात. 100 हर्ट्झला 10. ताणाचा परिणाम त्याहून फार मोठा नाही, त्यामुळे इंटरपोलेशन, म्हणजे दोन नमुन्यांमधली जागा गणिताने भरणं, अनिवार्य आहे. लाटेचा पायथा शोधताना नुसता सर्वांत खालचा बिंदू घेऊ नका, तो गोंगाटाने इकडेतिकडे सरकतो. चढाच्या सर्वांत तीव्र जागी स्पर्शिका काढा, ती तळाच्या आडव्या रेषेला जिथे छेदते तो बिंदू घ्या. ईसीजी 500 हर्ट्झ किंवा वर ठेवा.

फिल्टरचा उशीर अनेकांच्या गावीही नसतो. 10 हर्ट्झचा साधा एकपदरी लो-पास फिल्टर संकेताला सुमारे 16 मिलिसेकंद मागे ढकलतो. 40 हर्ट्झचा दोनपदरी बटरवर्थ सुमारे 5 ते 6. ईसीजीला एक आणि प्रकाशसंकेताला दुसरा फिल्टर असेल तर पॅटमध्ये कायमची भर पडते. ती स्थिर असेल तर कॅलिब्रेशनमध्ये मुरते, पण दोन उपकरणांचे आकडे शेजारी ठेवायचे झाले की उघडी पडते. नोंद झाल्यावर संगणकावर पुढून-मागून चालवलेला, म्हणून उशीर न लावणारा, शून्य-फेज फिल्टर वापरा.

त्याहून वाईट म्हणजे दोन वेगळी घड्याळं. ईसीजीचा पट्टा एका क्रिस्टलवर (घड्याळाची लय देणारा स्फटिक) आणि बोटाचा सेन्सर दुसऱ्यावर असेल, दोन्हींची चूक 20 पीपीएम (दहा लाखांत 20) आणि विरुद्ध दिशेने असेल, तर तासाला 144 मिलिसेकंदांचा फरक साचतो. दहा मिनिटांत 24. सत्राच्या सुरुवातीला विश्रांती आणि शेवटी ताण असा क्रम असेल तर हा सरक थेट ताणाचा परिणाम म्हणून वाचला जाईल. ब्लूटूथवरून डेटाचं पाकीट पोचल्याची वेळ तर वापरूच नका. शक्य असेल तर दोन्ही संकेत एकाच चिपवर घ्या. मॅक्स86150 मध्ये ईसीजी आणि प्रकाशसंकेत एकत्र मिळतात. एडी8232 (ईसीजीची चिप) आणि मॅक्स30102 (प्रकाशसंकेताची) अशी जोडी वापरायची असेल तर दोन्ही एकाच मायक्रोकंट्रोलरला जोडा आणि मॅक्स30102 च्या 32 नमुन्यांच्या फिफोमधून (नमुने रांगेत साठवणारी जागा) वाचताना वाचल्याची वेळ नमुन्याला चिकटवू नका, नमुना घेतल्याची वेळ मोजून काढा. पडताळणी सोपी आहे: माणसाला काहीही जोडलेलं नसताना मायक्रोकंट्रोलरच्या एकाच पिनवरून ईसीजीच्या इनपुटला मिलिव्होल्टपर्यंत कमी केलेला पल्स द्या आणि त्याच क्षणी प्रकाशसेन्सरसमोर एक एलईडी लावा. दोन नोंदींतला फरक मोजा, तासाभराने परत मोजा. माणसाला जोडताना मात्र सगळं बॅटरीवर, लॅपटॉपसुद्धा चार्जरविना.

ताणाचा प्रयोग आखताना तीन वेगळे ताण ठेवल्याशिवाय काही कळत नाही. दहा मिनिटं शांत बसणं, तीन मिनिटं गणित, दहा मिनिटं विश्रांती, मग कमाल जोराच्या 30 टक्क्यांवर दोन-तीन मिनिटं मूठ, पुन्हा विश्रांती, शेवटी दोन मिनिटं बर्फाचं पाणी. क्रम माणसागणिक बदला. मूठ सेन्सरच्या विरुद्ध हाताने. गारव्यासाठी पाय वापरला तर सेन्सरचं बोट थेट गार पडत नाही. हृदयविकार किंवा थंडीत बोटं पांढरी पडण्याचा त्रास असलेल्यांना बर्फाचं पाणी देऊ नये. गणितासाठी 1022 मधून 13 वजा करत जाणं चालतं. 1993 पासून प्रचलित असलेल्या ट्रिअरच्या सामाजिक ताण चाचणीत हीच वजाबाकी आहे. माणसाला ज्या भाषेत मोजायची सवय आहे त्याच भाषेत मोजू द्या. आणि बोलण्याचा प्रश्न विसरू नका: नुसतं बोलल्यानेही दाब वाढतो, श्वास बदलतो, छातीची कंपनं बिघडतात. उत्तरं मोठ्याने हवी असतील तर तुलनेसाठी ताणाशिवाय मोठ्याने अंक वाचण्याचा टप्पाही ठेवा.

हात हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवा. बोट 10 सेंटिमीटर खाली गेलं की तिथला दाब सुमारे 8 मिमी पाऱ्याने वाढतो, आणि गणित चुकलं की माणूस हात हलवतोच. बोटावरच्या क्लिपचा दाबही कायम एकच हवा. खोली 22 ते 24 अंश. वातानुकूलन जास्त झालं तर बोटं आधीच आवळलेली असतात आणि संकेत बारीक होतो.

खरा दाब कशाने मोजायचा हाही प्रश्नच. दंडाचा स्वयंचलित कफ एका मोजणीला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेतो, तेवढ्यात ताणातला दाब बदललेला असतो. तो सेन्सरच्या हाताला बांधला तर नाडीच बंद पडते, म्हणून दुसरा हात. फुगताना दचकणं हेही आलंच, ते कमी करायला सुरुवातीला दोन-तीनदा उगाच फुगवून सवय करा. ठोक्यागणिक दाब हवा असेल तर पेन्याझ यांनी 1973 मध्ये मांडलेल्या व्हॉल्यूम-क्लॅम्प तत्त्वावरचा, म्हणजे धमनीचं आकारमान स्थिर ठेवून दाब मोजणारा, बोटाचा कफ लागतो. गारव्याच्या चाचणीत बोटाच्या धमन्या आवळल्या की त्याचेही आकडे डळमळतात, म्हणून मधूनमधून दंडाच्या कफाशी ताडून बघा.

निकाल मांडताना एक तुलना सोडू नये. कॅलिब्रेशनचा आकडाच शेवटपर्यंत जशाचा तसा दाखवणाऱ्या काल्पनिक उपकरणाची चूक किती येते, ते आधी काढा. बीपी उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ 81060-2 मध्ये, किमान 85 माणसं, सरासरी चूक 5 आणि प्रमाण विचलन 8 मिमीच्या आत अशी अट आहे. ती दंडाच्या कफांसाठी बनली. शांत बसलेल्या माणसाचा दाब तासाभरात फारसा हलत नाही, म्हणून कॅलिब्रेट केलेलं उपकरण काहीही न मोजता ही अट पार करू शकतं. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनने 2023 मध्ये कफशिवायच्या उपकरणांसाठी सहा चाचण्या सुचवल्या त्या याच कारणाने: स्थिर, हाताची पातळी, औषधोपचार, जाग-झोप, व्यायाम आणि पुनःकॅलिब्रेशन. मानसिक ताण आणि गारवा यांना त्यात स्वतंत्र जागा नाही. आमच्या मते ती असायला हवी, कारण व्यायामात दडणारी पीईपीची चूक तिथेच दिसते.

मशीन लर्निंगवाल्यांसाठी दोन गोष्टी. एकाच माणसाचे ठोके प्रशिक्षणात आणि चाचणीत वाटले गेले तर मॉडेल माणूस ओळखतं, दाब नाही. विभागणी माणसागणिक करा. आणि मिमिकसारख्या अतिदक्षता विभागातल्या खुल्या नोंदींमध्ये ईसीजी आणि नाडीचे संकेत एकमेकांशी मिलिसेकंदाच्या अचूकतेने जुळलेले असतीलच असं नाही. पॅट शिकवायला तो पाया कच्चा आहे.

घरी कफशिवाय बीपी दाखवणारं घड्याळ वापरणाऱ्यांच्या हातात मुख्यतः कॅलिब्रेशन असतं. बहुतेक घड्याळं पॅटही मोजत नाहीत, लाटेच्या आकारावरून अंदाज करतात, पण ताणाचा फटका त्यांनाही बसतो कारण वाहिन्या आवळल्या की आकार बदलतो. कॅलिब्रेशन करताना तुम्ही घाबरलेले असाल तर पुढचे सगळे आकडे त्या घाबरलेल्या अवस्थेवर टांगले जातात. म्हणून दवाखान्यात रांगेत बसून, ऑफिसच्या मीटिंगमधून उठून किंवा भांडणानंतर ते करू नका. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पाच मिनिटं न बोलता बसा. मग प्रमाणित दंडाच्या कफाने एकेक मिनिटाच्या अंतराने तीन मोजण्या घ्या. पहिली बाकीच्या दोघींपेक्षा बरीच जास्त आली तर थांबा आणि पुन्हा पाच मिनिटं बसा. रक्तदाबाचं औषध किंवा त्याची मात्रा बदलली, विशेषतः बीटा ब्लॉकर सुरू किंवा बंद झालं, तर ठरलेल्या मुदतीची वाट न पाहता नव्याने कॅलिब्रेशन करा, कारण ते औषध हृदयाची गती, आकुंचनाचा जोर आणि पीईपी यांच्यावरच काम करतं. ताणाच्या क्षणी घड्याळाने मोठा आकडा दाखवला तर त्यावर गोळी घेऊ किंवा सोडू नका, शांत झाल्यावर दंडाच्या कफाने मोजा आणि डॉक्टरांना तोच आकडा दाखवा. छातीत दुखत असेल, धाप लागली असेल, एक हात लुळा पडला असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर मोजत बसू नका, 108 ला फोन करा.